एक्स-रेवर फुप्फुसांची कड आखणे : आकाराची माहिती वापरणारी कंटूर मॉडेल नवशिक्यांनी कशी वापरावीत

छातीच्या एक्स-रेवर फुप्फुसांची कड बोटाने दाखवायला सांगितली, तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ती दाखवता येते. तीच कड संगणकाकडून आखून घ्यायची म्हटली की मात्र अडचणी सुरू होतात. बरगड्यांच्या बाजूची कड बऱ्यापैकी ठळक असते, श्वासपटलाची कमानही सहसा दिसते. पण वरच्या टोकाशी पहिली बरगडी आणि कॉलरबोन एकमेकांवर येतात, मध्यभागी फुप्फुसाच्या मुळाशी रक्तवाहिन्यांची दाटी असते, आणि डाव्या श्वासपटलाखाली जठरातल्या हवेचा काळा फुगा असतो, जो नुसत्या छटांच्या हिशेबाने फुप्फुसासारखाच दिसतो. माणूस या जागी फसत नाही, कारण फुप्फुस साधारण कसे असते हे त्याला आधीच ठाऊक असते. ती आधीची माहिती कंटूरला, म्हणजे कड आखणाऱ्या रेषेला, गणिताच्या रूपात कशी द्यायची, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे.

पायथनमध्ये साधा प्रोग्रॅम लिहिता येणे आणि मॅट्रिक्स, सरासरी, सहप्रचरण या गोष्टींची तोंडओळख असणे एवढी तयारी गृहीत धरली आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवावी : प्रतिमेत पुरावा कमी असतो तिथे असे मॉडेल आपल्या आठवणीतून कड पूर्ण करते, आणि आखलेल्या रेषेकडे नुसते पाहून तिचा कोणता भाग दिसलेला आहे व कोणता आठवलेला आहे, हे कळत नाही. खाली दिलेल्या बहुतेक सूचनांचा रोख हा फरक ओळखता यावा, याकडेच आहे.

थोडी पार्श्वभूमी

या पद्धतींचे मूळ 'स्नेक' या कल्पनेत आहे. कास, विटकिन आणि टेरझोपोलोस यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात प्रतिमेवर ठेवलेली एक लवचिक रेषा मांडली. ही रेषा आपली ऊर्जा कमी करत करत वस्तूच्या कडेकडे सरकते. ताणलेल्या रबरासारखा तिचा एक कल आक्रसण्याचा, दुसरा तीव्र वळणे टाळण्याचा आणि तिसरा प्रतिमेतल्या ठळक कडांकडे ओढले जाण्याचा असतो. पुढे कोहेन यांनी १९९१ मध्ये रेषेला आतून फुगवणारे बल जोडले, तर शू आणि प्रिन्स यांनी १९९८ मध्ये दूरच्या कडेचीही ओढ रेषेपर्यंत पोहोचेल अशी सोय केली. यांपैकी कोणत्याही रेषेला ती फुप्फुस आखते आहे की मूत्रपिंड, याची मात्र कल्पना नसते.

ती उणीव मँचेस्टर विद्यापीठातील कूट्स, टेलर, कूपर आणि ग्रॅहम यांच्या 'ॲक्टिव्ह शेप मॉडेल'ने भरून काढली; त्यांचा सविस्तर निबंध १९९५ चा आहे. हाताने आखलेल्या अनेक उदाहरणांतून आकाराची सरासरी आणि त्या सरासरीपासून होणाऱ्या बदलांच्या दिशा काढायच्या, आणि रेषेला फक्त त्याच दिशांनी, तेवढ्याच मर्यादेत हलू द्यायचे, ही त्यामागची कल्पना आहे. नवशिक्याने सुरुवात याच मॉडेलपासून करावी, असे माझे मत आहे. त्यातली प्रत्येक पायरी पडद्यावर काढून पाहता येते, आणि चुकले तर कुठे चुकले ते सापडते.

प्रतिमा कोणत्या घ्याव्यात

सरावासाठी जपानच्या रेडिओलॉजिकल टेक्नॉलॉजी सोसायटीचा संच सर्वांत सोयीचा आहे; सगळे जण त्याला जेएसआरटी म्हणतात. त्यात छातीचे २४७ एक्स-रे आहेत. १५४ मध्ये फुप्फुसात गाठ आहे, ९३ मध्ये नाही. प्रत्येक प्रतिमा २०४८ बाय २०४८ पिक्सेलची असून एक पिक्सेल ०.१७५ मिलिमीटरचा आहे आणि छटा १२ बिटांत साठवल्या आहेत. या सगळ्या प्रतिमांवर व्हॅन गिनेकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही फुप्फुसे, हृदय आणि दोन्ही कॉलरबोन यांच्या कडा आखून त्या अभ्यासकांसाठी खुल्या केल्या, आणि २००६ च्या निबंधात अनेक पद्धतींची तुलना त्यांच्याच आधारे केली. त्या आखणीत उजव्या फुप्फुसावर ४४ आणि डाव्या फुप्फुसावर ५० बिंदू आहेत. या लेखात आपण हे ९४ बिंदूच वापरणार आहोत.

त्या आखणीत फुप्फुस कशाला म्हटले आहे, तेही आधी समजून घ्यावे. हृदयाच्या मागे आणि श्वासपटलाच्या घुमटामागेही फुप्फुसाचा काही भाग असतो; तो या व्याख्येत धरलेला नाही. क्ष-किरण फुप्फुसातून गेले पण हृदय, छातीचा मधला भाग किंवा श्वासपटलाखालचे अवयव यांतून गेले नाहीत, असेच पिक्सेल फुप्फुसाचे मानले आहेत. व्याख्या वेगळी असलेल्या दुसऱ्या संचातल्या आखणीशी तुलना केली, तर मॉडेल बरोबर असूनही आकडे घसरतात.

आपल्याकडच्या रुग्णालयातले एक्स-रे वापरायचे असतील, तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी आणि डायकॉम (वैद्यकीय प्रतिमा साठवण्याचे प्रमाणित स्वरूप) फाइलमधली नावे, क्रमांक व जन्मतारखा काढून टाकाव्यात. फाइलच्या शीर्षभागातून नाव काढले तरी ते प्रतिमेच्या कोपऱ्यात पिक्सेलांतच छापलेले असू शकते, म्हणून प्रत्येक प्रतिमा डोळ्यांनी तपासावी. छातीमागून किरण सोडून काढलेले आणि खाटेवर समोरून काढलेले एक्स-रे एकाच ढिगात टाकू नयेत. दुसऱ्या प्रकारात हृदयाची सावली मोठी दिसते आणि त्यामुळे फुप्फुसाच्या आतल्या कडेचा आकारच बदलतो.

प्रतिमा उघडताना

जेएसआरटीच्या मूळ फाइलींना शीर्षभाग नाही. प्रत्येक पिक्सेल दोन बाइटांचा असून मोठा बाइट आधी लिहिलेला आहे. क्रम उलटा वाचला तर पडद्यावर फुप्फुसांऐवजी खडबडीत पट्टे दिसतात, त्यामुळे ही चूक लगेच ओळखू येते. फुप्फुसे पांढरी आणि हाडे काळी दिसली, तर प्रत्येक किंमत ४०९५ मधून वजा करून छटा उलटवून घ्याव्यात. डायकॉम फाइलींच्या बाबतीत हीच माहिती 'फोटोमेट्रिक इंटरप्रिटेशन' या नोंदीत असते. तिथे 'मोनोक्रोम १' असेल तर छटा उलट्या आहेत असे समजावे. ही नोंद न पाहता मॉडेल शिकवले, तर पुढे कडेजवळच्या छटा शिकवताना अर्धी उदाहरणे दुसऱ्या अर्ध्यांच्या विरुद्ध बोलतात आणि सरासरीत काहीच उरत नाही.

यानंतर प्रतिमा निम्म्या आकारात, म्हणजे १०२४ बाय १०२४ मध्ये आणावी, पिक्सेल ०.३५ मिलिमीटरचा होतो आणि कामाला तो पुरेसा बारीक आहे. यापुढे सर्व अंतरे पिक्सेलबरोबर मिलिमीटरमध्येही लिहून ठेवण्याची सवय लावावी. आणखी एक नेहमीची गफलत डाव्या-उजव्याची आहे. पडद्यावर डावीकडे दिसते ते रुग्णाचे उजवे फुप्फुस असते, आणि ४४ बिंदू त्याचे आहेत.

साधा स्नेक आधी चालवून पाहावा

आकाराची माहिती का लागते, ते समजण्यासाठी एक संध्याकाळ साध्या स्नेकवर घालवावी. पायथनच्या सायकिट-इमेज या संचात 'ॲक्टिव्ह कंटूर' नावाचे फंक्शन तयार मिळते. प्रतिमा थोडी धूसर करावी, एका फुप्फुसाभोवती लंबगोल रेषा ठेवावी आणि फंक्शन चालवावे. त्यात अल्फा वाढवला की रेषा जास्त आक्रसते, बीटा वाढवला की ती जास्त गुळगुळीत होते. बिंदूंचे निर्देशांक देताना ओळ आधी आणि स्तंभ नंतर, हा क्रम पाळावा.

बहुतेक प्रतिमांवर जे दिसेल ते असे : बाहेरच्या बाजूला रेषा फुप्फुसाची कड सोडून बरगडीच्या कडेला चिकटते, कारण तिथला छटेचा फरक अनेकदा जास्त तीव्र असतो. खाली बरगड्या आणि श्वासपटल मिळतात तो टोकदार कोपरा, ज्याला आपल्याकडचे रेडिओलॉजिस्ट सीपी अँगल म्हणतात, तिथे ती पोहोचतच नाही, कारण तेवढे तीव्र वळण घेणे तिच्या स्वभावातच नाही. बीटा कमी करून कोपरा मिळवावा, तर बरगड्यांवर ती नागमोडी होते. या दोन्ही तक्रारी एका आकड्याने एकाच वेळी मिटत नाहीत, कारण कुठे टोक हवे आणि कुठे गुळगुळीत कड हवी हे जागेनुसार बदलते. जागेनुसार बदलणारी ही अपेक्षाच आता उदाहरणांतून शिकवायची आहे.

लँडमार्क : कंटाळवाणे, पण सर्वांत निर्णायक काम

लँडमार्क म्हणजे कडेवरचा असा बिंदू, जो प्रत्येक रुग्णाच्या प्रतिमेत त्याच शारीरिक जागेवर असतो. फुप्फुसाचे वरचे टोक, सीपी अँगल, हृदयाची कड श्वासपटलाला मिळते ती जागा, हे खरे लँडमार्क. ते आधी नक्की करावेत आणि त्यांच्या मधल्या कडेवर उरलेले बिंदू समान अंतराने पसरावेत. संपूर्ण कडेवर एका टोकापासून समान अंतराने बिंदू टाकत जाणे सोपे असते. पण मग एका रुग्णाचा विसावा बिंदू सीपी अँगलवर येतो आणि दुसऱ्याचा त्याच्या दीड सेंटिमीटर वर. मॉडेलला तो फरक शरीराचाच वाटतो आणि सरासरी आकारात तो कोपरा गोल होऊन जातो.

जेएसआरटीवरील आखणी वापरताना हे काम झालेलेच असते. स्वतःच्या प्रतिमांवर मात्र ते करावे लागेल, आणि त्यासाठी किमान २० प्रतिमा दोन व्यक्तींकडून स्वतंत्रपणे आखून घ्याव्यात. दोघांच्या आखणीत जिथे नेहमीच फरक पडतो, तिथे मॉडेलकडून त्याहून जास्त अचूकतेची अपेक्षा करण्यात अर्थ नाही. वर उल्लेख केलेल्या तुलनेत दुसऱ्या निरीक्षकाच्या फुप्फुस-आखणीचा मूळ आखणीशी मेळ जकार्ड मापाने (दोन्ही आखण्यांतले सामाईक क्षेत्र भागिले दोन्हींचे मिळून एकूण क्षेत्र) सरासरी ०.९४६ आला होता. म्हणजे माणसांतही पूर्ण एकमत नसते.

आखून झाल्यावर प्रत्येक प्रतिमेवर बिंदू क्रमांकांसह काढून पाहावेत. क्रमांक एका जागेने सरकलेली एखादी प्रतिमा संपूर्ण मॉडेल बिघडवू शकते, आणि ती नंतर शोधणे फार जिकिरीचे असते.

आकार एकमेकांवर बसवणे

प्रत्येक रुग्णाचे ९४ बिंदू, म्हणजे १८८ आकडे, एका ओळीत मांडावेत. रुग्ण थोडा डावीकडे उभा होता, किंचित तिरका होता किंवा अंगाने मोठा होता, हे फरक आकाराचे नाहीत. म्हणून सर्व आकारांचे केंद्र एका जागी आणावे, एक आकार तात्पुरता नमुना मानून बाकीचे सरकवून, फिरवून आणि लहानमोठे करून त्यावर शक्य तितके जुळवावेत, जुळलेल्यांची सरासरी काढून ती नवा नमुना मानावी आणि सरासरी बदलेनाशी होईपर्यंत हे चालू ठेवावे. याला प्रोक्रस्टीज जुळवणी म्हणतात. दर फेरीत सरासरीचे माप आणि कल पक्के करून घ्यायला विसरू नये. नाहीतर फेरीगणिक सगळे आकार हळूहळू आक्रसत जातात. दोन्ही फुप्फुसे एकत्रच जुळवावीत, कारण त्यांच्यातले अंतर आणि एकमेकांशी असलेले प्रमाण हीदेखील उपयोगी माहिती आहे.

बदलाच्या दिशा काढणे

जुळवलेल्या आकारांतून सरासरी वजा करून त्यांच्यावर मुख्य घटक विश्लेषण करावे. पायथनच्या नमपाय या गणिती संचातल्या एसव्हीडी फंक्शनने ते एका ओळीत होते. त्यातून बदलाच्या परस्परांना लंब असलेल्या दिशा मिळतात आणि प्रत्येक दिशेला किती विचरण (व्हेरियन्स) आहे तेही कळते. त्यानंतर कोणताही नवा आकार 'सरासरी अधिक प्रत्येक दिशा गुणिले तिचा गुणांक' असा लिहिता येतो. १२४ प्रतिमांवरून शिकवले, तर १८८ आकड्यांच्या त्या अवकाशात जास्तीत जास्त १२३ दिशाच मिळू शकतात. त्यांतल्याही मोजक्या दिशा बहुतेक बदल सांगतात. एकूण विचरणाच्या ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचतील एवढ्या दिशा ठेवाव्यात, हा सुरुवातीसाठी चांगला नियम आहे.

येथे थांबून दिशा डोळ्यांनी पाहाव्यात. पहिल्या दिशेचा गुणांक विचरणाच्या वर्गमुळाच्या उणे तिप्पट ते अधिक तिप्पट असा हलवत आकार पडद्यावर काढावा. पहिल्या काही दिशांत बहुधा लांब-अरुंद छाती आणि आखूड-रुंद छाती, खोल श्वास आणि उथळ श्वास, हृदयाची लहानमोठी सावली असे ओळखू येणारे फरक दिसतात. एखाद्या दिशेत कड स्वतःलाच छेदत असेल किंवा एकच बिंदू उड्या मारत असेल, तर गणिताकडे न वळता लँडमार्ककडे परत जावे.

मर्यादा घालताना प्रत्येक गुणांक स्वतंत्रपणे अधिक-उणे तीन प्रमाण विचलनांत रोखणे, ही मूळ निबंधातली सोपी पद्धत आहे. पण सगळेच गुणांक एकाच वेळी टोकाला गेले, तर प्रत्येक जण मर्यादेत असूनही आकार अशक्य कोटीतला होतो. त्यापेक्षा प्रत्येक गुणांकाचा वर्ग त्याच्या विचरणाने भागून बेरीज करावी आणि त्या बेरजेवर मर्यादा ठेवावी. ही बेरीज पुढे शंकास्पद निकाल ओळखायलाही लागणार आहे, म्हणून ती पहिल्यापासून नोंदवत जावी.

मॉडेल पुरेसे समृद्ध आहे का, हे पाहण्यासाठी एकेक प्रतिमा बाजूला ठेवून उरलेल्यांवर मॉडेल शिकवावे आणि बाजूला ठेवलेल्या आकाराला त्यातून किती जवळ जाता येते ते मिलिमीटरमध्ये मोजावे. हे अंतर मोठे असेल, तर शोधाची पद्धत कितीही सुधारली तरी निकाल त्याहून चांगला येणार नाही. जास्त उदाहरणे मिळवणे हाच त्यावर उपाय आहे.

कडेजवळच्या छटा शिकवणे

आकार शिकला, आता कड दिसते कशी, हे शिकवायचे. प्रत्येक बिंदूवर कडेला काटकोनात एक छोटी रेषा धरावी, तिच्यावर दोन्ही बाजूंना पाच-पाच आणि मधला एक अशा ११ जागी छटेतला बदल मोजावा, आणि या ११ आकड्यांना त्यांच्या निरपेक्ष किमतींच्या बेरजेने भागावे, म्हणजे एक्स-रे फिकट-गडद असल्याचा परिणाम उरत नाही. सर्व शिक्षण-प्रतिमांवरून प्रत्येक बिंदूसाठी या आकड्यांची सरासरी आणि सहप्रचरण साठवावे. प्रतिमा कमी असल्या तर सहप्रचरणाच्या मॅट्रिक्सचा व्यस्त नीट निघत नाही. कर्णावर एक लहान संख्या मिळवली की काम भागते.

स्नेकच्या तुलनेत मोठा फायदा इथे होतो. 'ठळक कड शोध' अशी सरधोपट आज्ञा देण्याऐवजी आता बाहेरच्या बाजूच्या बिंदूला बरगडीजवळचा विशिष्ट चढउतार माहीत असतो आणि श्वासपटलावरच्या बिंदूला काळ्यावरून पांढऱ्यावर जाणारी उडी. त्यामुळे बरगडीच्या कडेचा मोह संपत नाही, पण बराच कमी होतो.

शोध प्रत्यक्ष चालवणे

नव्या प्रतिमेवर सरासरी आकार सरासरी जागी ठेवावा. प्रत्येक बिंदूवर काटकोनातल्या रेषेवर दोन्ही बाजूंना आठ जागांपर्यंत छटा मोजाव्यात. ११ आकड्यांची खिडकी या १७ आकड्यांवर सात प्रकारे बसते, आणि ज्या जागी ती शिकलेल्या सरासरीच्या सर्वांत जवळ येते तिकडे बिंदू सरकवावा. जवळीक मोजण्यासाठी महालनोबिस अंतर वापरावे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या नावाचे हे माप सहप्रचरण लक्षात घेते, त्यामुळे नेहमीच अस्थिर असणाऱ्या जागेतला फरक कमी आणि स्थिर जागेतला फरक जास्त मोजला जातो. सगळे बिंदू सरकले की त्यांचा आकार वेडावाकडा झालेला असतो. त्याची जागा, कल आणि माप आधी जुळवून घ्यावे, उरलेल्या फरकातून गुणांक काढावेत, मर्यादेबाहेर गेलेले आत आणावेत आणि मिळालेला आकार पुढच्या फेरीची सुरुवात मानावी. नव्वद टक्के बिंदू रेषेच्या मधल्या भागातच स्थिरावले की थांबावे.

हे सर्व थेट पूर्ण आकाराच्या प्रतिमेवर करू नये. एका फेरीत बिंदू जास्तीत जास्त तीन पिक्सेल, म्हणजे १.०५ मिलिमीटर सरकू शकतो, आणि सुरुवात दोन-तीन सेंटिमीटरने चुकली तर रेषा वाटेतल्या पहिल्याच बरगडीला धरून बसते. त्यामुळे प्रतिमेचे १०२४, ५१२, २५६ आणि १२८ असे चार आकार करावेत आणि सर्वांत लहान आकारापासून सुरुवात करावी. तिथे एक पिक्सेल २.८ मिलिमीटरचा असल्याने तेच तीन पिक्सेल ८.४ मिलिमीटर होतात आणि बारीक हाडांच्या कडा धूसर झालेल्या असतात. कडेजवळच्या छटांचे मॉडेल प्रत्येक आकारासाठी वेगळे शिकवावे लागते. एकच सगळीकडे वापरले तर ते चालणार नाही.

सुरुवातीच्या जागेबद्दल हयगय करू नये. प्रतिमेत काळ्या भागाचे दोन मोठे तुकडे ओत्सूच्या पद्धतीने (काळ्या-पांढऱ्या भागांमधली सीमा-छटा आपोआप ठरवणाऱ्या) ढोबळपणे काढून त्यांच्या केंद्रांवरून सरासरी आकाराची जागा आणि माप ठरवता येते; शरीराबाहेरची काळी हवा मात्र आधी वगळावी. वेळ असेल तर चार-पाच थोड्या वेगळ्या जागांवरून शोध चालवावा. सगळे एकाच रेषेवर येऊन थांबले तर विश्वास वाढतो; डाव्या बाजूला दोन श्वासपटलावर आणि तीन जठरातल्या फुग्याच्या खालच्या कडेवर थांबले, तर ती प्रतिमा माणसाने पाहायलाच हवी.

लँडमार्क टाकणे शक्य नसेल तर

यकृतासारख्या अवयवावर किंवा त्रिमितीत एकमेकांशी जुळणारे बिंदू ठरवणे फार कठीण होते. अशा वेळी लेव्हल सेट हा दुसरा मार्ग आहे. ओशर आणि सेथियन यांच्या १९८८ च्या कामातून तो आला. यात कड थेट न साठवता प्रत्येक पिक्सेल कडेपासून किती दूर आहे, ते आत-बाहेर या चिन्हासह साठवतात. लेव्हेंटन, ग्रिमसन आणि फॉजेरा यांनी २००० मध्ये या अंतर-नकाशांवरच मुख्य घटक विश्लेषण करून आकाराची माहिती कंटूरच्या हालचालीत मिसळली. आयटीके या वैद्यकीय प्रतिमांसाठीच्या खुल्या प्रोग्रॅम-संचात त्यावर बेतलेला फिल्टर मिळतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, अशा नकाशांची सरासरी हा स्वतः खरा अंतर-नकाशा नसतो; सरासरीपासून फार दूर गेले की विचित्र तुकडे उगवतात, म्हणून येथे गुणांकांवरची मर्यादा जास्त कडक ठेवावी.

निकाल कसे मोजावेत

शिक्षणाच्या आणि चाचणीच्या प्रतिमा रुग्णानुसार वेगळ्या ठेवाव्यात. एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे दोन्हीकडे गेले, तर चाचणी पोकळ ठरते. सामान्यतः डाइस किंवा जकार्ड माप देतात. दोन्ही एकाच गोष्टीची रूपे आहेत : जकार्डची दुप्पट भागिले एक अधिक जकार्ड म्हणजे डाइस. वरचे ०.९४६ हे डाइसमध्ये सुमारे ०.९७२ होते, त्यामुळे दोन निबंधांतले आकडे ताडून पाहताना माप कोणते आहे ते आधी बघावे.

पण क्षेत्रफळावर आधारलेले माप कोपऱ्यांच्या बाबतीत फार उदार असते. समजा एका फुप्फुसाचे क्षेत्र २०० चौरस सेंटिमीटर आहे आणि सीपी अँगलजवळचा ३ चौरस सेंटिमीटरचा कोपरा रेषेबाहेर राहिला. बाकी सगळे अचूक असेल तर डाइस ०.९९२ येतो. छातीत थोडे पाणी झाले तर उभ्या एक्स-रेत त्याची खूण याच कोपऱ्यात दिसते, आणि नेमका तोच भाग सुटलेला असतो. म्हणून कडेपासून कडेपर्यंतचे सरासरी अंतर आणि सर्वांत मोठे अंतर, म्हणजे हाउसडॉर्फ अंतर, मिलिमीटरमध्ये द्यावे. शिवाय वरचे टोक, बाहेरची कड, श्वासपटल आणि हृदयाची बाजू यांचे अंतर वेगवेगळे मोजावे. सरासरी लिहून झाल्यावर सर्वांत वाईट दहा प्रतिमा उघडून बसावे. मॉडेलबद्दल त्यातून जेवढे कळते, तेवढे तक्त्यातून कळत नाही.

आजारी फुप्फुसांवर काय होते

जेएसआरटीमधल्या गाठी फुप्फुसाची कड सहसा बदलत नाहीत. त्यामुळे तेथे शिकलेले मॉडेल जवळजवळ निरोगी आकारांचेच असते. ते क्षयरुग्णांवर तपासण्यासाठी अमेरिकेतल्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने खुला केलेला माँटगोमेरी संच उपयोगी आहे. त्यात १३८ एक्स-रे आहेत, त्यांपैकी ५८ क्षयाचे, आणि सर्वांसाठी डाव्या-उजव्या फुप्फुसांची आखणी उपलब्ध आहे. त्यातला पिक्सेल ०.०८७५ मिलिमीटरचा असल्याने प्रतिमा एक चतुर्थांश केली की बरोबर आपला ०.३५ मिलिमीटरचा पिक्सेल मिळतो. भारतात क्षयाच्या तपासणीत छातीचा एक्स-रे सर्रास काढला जातो, तेव्हा आपल्याकडे काम करणाऱ्याने ही चाचणी टाळूच नये.

छातीत पाणी भरून फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा झाला असेल, तर मॉडेल पाण्याच्या वरच्या पातळीवर न थांबता श्वासपटल जिथे असायला हवे तिथे कड आखू पाहते. हे योग्य की अयोग्य, ते आखणी कशासाठी हवी आहे यावर ठरते. आजाराच्या खुणा शोधणाऱ्या पुढच्या प्रोग्रॅमला पांढरा झालेला भागही फुप्फुसात मोजलेलाच हवा, कारण आजार तिथेच आहे. तेथे मॉडेलची ही आठवण उपकारकच ठरते. हवा असलेल्या फुप्फुसाचे क्षेत्र मोजायचे असेल, तर तीच रेषा चूक आहे. जुन्या क्षयाने आक्रसलेले आणि एका बाजूला ओढले गेलेले फुप्फुस, किंवा शस्त्रक्रियेने काढलेला फुप्फुसाचा भाग, यांच्या बाबतीत मात्र कोणत्याही हेतूने पाहिले तरी निरोगी आकाराचा आग्रह चुकीचाच आहे. अशा प्रतिमा शिक्षणात घालाव्यात. पण मोजक्याच असतील तर त्यांच्यामुळे बदलाच्या दिशा ताणल्या जाऊन निरोगी प्रतिमांवरचे निकाल सैल पडतात. त्यापेक्षा अशा प्रतिमा ओळखून बाजूला काढणे बरे.

त्यासाठी तीन आकडे प्रत्येक निकालासोबत साठवावेत : गुणांकांच्या वर्गांची वर सांगितलेली बेरीज, शेवटच्या फेरीतले प्रत्येक बिंदूचे छटांचे महालनोबिस अंतर, आणि वेगवेगळ्या सुरुवातींवरून आलेल्या रेषांमधला फरक. आकार अगदी सर्वसाधारण पण सलग दहा-बारा बिंदूंवर छटा मुळीच जुळत नाहीत, असे दिसले तर तेवढी कड आठवणीतून आखली गेली आहे असे समजावे आणि पडद्यावर ती वेगळ्या रंगात किंवा तुटक रेषेने दाखवावी. डॉक्टरांच्या हाती देण्याच्या कोणत्याही साधनात ही सोय असलीच पाहिजे, असे मला वाटते.

न्यूरल नेटवर्क असताना हे कशाला?

२०१५ मध्ये यू-नेट हे न्यूरल नेटवर्क आल्यापासून भरपूर आखलेल्या प्रतिमा हाताशी असतील, तर सेग्मेंटेशनसाठी, म्हणजे प्रतिमेतला अवयवाचा भाग वेगळा काढण्यासाठी, बहुतेक जण नेटवर्कच वापरतात, आणि अचूकतेत ते सहसा पुढे असते. तरी नेटवर्क प्रत्येक पिक्सेलबद्दल निर्णय देते. जठरातल्या हवेचा तुकडा फुप्फुसात धरणे किंवा फुप्फुसाच्या मध्यभागी भोक सोडणे अशा चुका त्याच्याकडून होऊ शकतात. दोन्हींची सांगड घालणे सोपे आहे. नेटवर्कने दिलेल्या भागाची कड काढावी, तिच्यावर ९४ बिंदू बसवावेत, तो आकार मॉडेलच्या दिशांवर उतरवून पुन्हा उभा करावा आणि दोन्ही कडांमधले अंतर बिंदूगणिक मोजावे. अंतर सर्वत्र कमी असेल तर नेटवर्कचीच कड ठेवावी, कारण बारीक तपशील तिच्यात जास्त असतो. एखाद्या पट्ट्यात ते मोठे असेल, तर आपोआप दुरुस्ती न करता प्रतिमा तपासणीच्या रांगेत टाकावी; तो फरक नेटवर्कच्या चुकीमुळे आला आहे की रुग्णाच्या आजारामुळे, हे या आकड्यावरून ठरत नाही. किती मिलिमीटरला मोठे म्हणायचे, ते दोन माणसांच्या आखणीत त्याच पट्ट्यात पडलेल्या फरकावरून ठरवावे, आणि वरचे टोक, श्वासपटल व हृदयाची बाजू यांसाठी ती मर्यादा वेगवेगळी ठेवावी.